पाचव्या मात्रेची खाली

गिटार शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी डाव्या हाताबद्दलच विचारतात. सर, सी कसा धरायचा? एफ कधी येईल? बोटं दुखायची कधी थांबतील? उजव्या हाताची चौकशी कुणी करत नाही. तो काय, वरखाली फिरवायचा, एवढीच समजूत. खामगावात मी बरीच वर्षं शिकवतोय आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय की नवशिक्याचं घोडं अडतं ते उजव्या हातापाशी. डावा हात चुकला तर गाणं थोडं बेसूर होतं. उजवा थांबला तर गाणंच बंद पडतं.

होतं काय, ते जवळून बघा. पोरगा जी कॉर्ड धरतो. मान वाकवून बोटं नीट बसली का ते तपासतो. तारा छेडतो, बरा आवाज येतो, चेहरा खुलतो. आता सीवर जायचंय. तिन्ही बोटं एकदम उचलली जातात, क्षणभर हवेत राहतात आणि मग एकेक करून उतरतात. आधी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मग मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर, शेवटी अनामिका ताणून पाचव्या तारेच्या तिसऱ्यावर. तेवढा वेळ उजवा हात साउंडहोलपाशी नुसता लटकलेला. सगळं जागेवर आलं की पुन्हा छेडणं सुरू. दर थांब्यावर इंजिन बंद करून नव्याने सेल मारणाऱ्या एसटीत बसल्यासारखं ऐकणाऱ्याला वाटतं.

अशा वेळी मी कॉर्ड सोडायलाच लावतो. डाव्या हाताची बोटं सगळ्या तारांवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. तारा मुक्या होतात, फक्त खरखर ऐकू येते. आता सूर नाही, कॉर्ड नाही, चुकायला काही नाही. उरतो तो ताल. आणि तालाच्या बाबतीत आमच्या बुलडाणा जिल्ह्यातलं पोरगं मुळातच कच्चं नसतं.

इथे गावोगाव भजनी मंडळं आहेत. गुरुवारी गजानन महाराजांच्या देवळात टाळ वाजतात. शेगाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पालख्या, दिंड्या लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या. अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आणि तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं अजून चालतात. पोरगं आठ-दहा वर्षांचं झालं की कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतं. शिकवत कुणी नाही, चुकलं तर शेजारचा आजोबा नुसता बघतो. त्या एका नजरेनं पोराचं मनगट सरळ होतं. मग हेच पोरगं खांद्यावर गिटार अडकवून माझ्याकडे येतं आणि चार ठोके सलग वाजवू शकत नाही, कारण हे काहीतरी विलायती आहे, इथे वेगळे नियम असणार, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं.

एकाने मला ऐकवलं, "सर, मले जमूनच नाई राह्यलं."

"काऊन नाई जमणार? भजनात टाळ थांबते काय तुया?"

"नाई."

"मंग इथं हात काऊन थांबवते?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला केरवा म्हणायला लावला. धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा, दोन विभाग. पहिलीवर सम, पाचवीवर खाली. हात एका लयीत वरखाली फिरत राहणार, पहिली, तिसरी, पाचवी, सातवी या मात्रांना डाऊन, मधल्या मात्रांना अप. आता मोबाइलवरचा प्रत्येक शिक्षक जो पॅटर्न पहिल्याच धड्यात देतो तो घ्या: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. पोरं तो पाढ्यासारखा घोकतात आणि मधल्या जागेशी हमखास घसरतात. तो आठ मात्रांवर मांडून बघा. पहिलीवर डाऊन. दुसरीवर हात वर येतो पण तारेला लागत नाही. तिसरीवर डाऊन, चौथीवर अप. पाचवीवर हात खाली जातो आणि तारांना न शिवता निघून जातो. सहावीवर अप, सातवीवर डाऊन, आठवीवर अप.

म्हणजे या पॅटर्नमधली घसरायची जागा नेमकी केरव्याच्या खालीवर येते! टाळी देणारा माणूस खालीला टाळी न देता हात बाजूला सोडतो. मात्रा तर गेली, पण आवाज केला नाही. गिटारवरही तेच करायचं आहे. हात थांबवायचा नाही, फक्त तारांपासून बोटभर दूर ठेवून खाली न्यायचा. एवढं सांगितल्यावर भजनातली पोरं हसतात, कारण हे त्यांना येतच असतं. ज्याने कधी टाळ धरला नाही त्याला हीच जागा सापडायला फार वेळ लागतो. हा पॅटर्न बांधणाऱ्याच्या डोक्यात केरवा नक्कीच नसणार. पण जुळतंय, तर आपण का सोडावं?

दादरा मात्र इतका सहज वळत नाही, आणि याबद्दल शिकवणारे फारसं बोलत नाहीत. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग. हात आळीपाळीने डाऊन-अप फिरवत राहिलात तर दुसरा विभाग, म्हणजे चौथी मात्रा, अपवर येते आणि वजन उलटं पडतं. गाणारा गोंधळतो. म्हणून संथ दादऱ्यात मी सरळ सगळे डाऊन घ्यायला सांगतो. पहिल्या आणि चौथ्या मात्रेला खर्जाची एकच तार, बाकीच्यांना खालच्या बारीक तारा. जलद असेल तर डाऊन-डाऊन-अप, डाऊन-डाऊन-अप. दिसायला साधं, पण गाणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

आता डावा हात. केरव्याच्या आवर्तनात त्याला कॉर्ड बदलायला एक चोरवाट मिळते, ती आठव्या मात्रेवर. त्या अपला बोटं उचलली गेलेली असली तरी चालतं. अपमध्ये हात बहुतेक खालच्या तीनच तारांना लागतो आणि त्या मोकळ्या तारा आहेत जी, बी आणि ई. जी, सी, ई मायनर या नवशिक्याच्या नेहमीच्या घरात हे तीन सूर फारसे परके वाटत नाहीत. आठवीला रिकाम्या तारा वाजल्या, समेला नवी कॉर्ड बसली, मधे काय झालं ते कुणाला कळलं नाही. नामवंतांच्या रेकॉर्ड कान देऊन ऐका, त्यातही ही रिकामी आठवी मात्रा सापडते. आणि समेपर्यंत बोटं पोचलीच नाहीत तर? तर तारा मुक्या ठेवून हात चालू ठेवायचा आणि पुढच्या समेला आत शिरायचं. भजनात एखाद्याचं चरण विसरलं म्हणून टाळ थोडेच थांबतात.

बदलताना कोणतं बोट हलवायचं नाही, ते आधी शोधावं. सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणायची. ई मेजरचा अख्खा आकार एकेक तार खाली सरकवला की ए मायनर होतो. तिन्ही बोटं एकमेकांना धरून सरकतात, हवेत विस्कटत नाहीत. मी सुरुवातीला या दोनच जोड्या देतो. पोरं कुरकुरतात, त्यांना हिंदी सिनेमातलं अमुक गाणं आजच हवं असतं. पण दोन कॉर्ड न थांबता बदलणारा पुढे दहा कॉर्ड शिकतो. दहा कॉर्ड थांबत थांबत बदलणारा मात्र दिवाळीनंतर दिसत नाही.

एफचं म्हणाल तर तो पहिल्या वर्षी नाही आला तरी काही बिघडत नाही. बऱ्याचदा दोष बोटांचा नसतोच. स्वस्तातल्या गिटारचा नट उंच कापलेला असतो आणि पहिल्या फ्रेटवर तार दाबायला पहिलवान लागतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच असावी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर आधी गिटार दुरुस्त करून घ्या, मग स्वतःला दोष द्या. तारा टेन गेजच्या लावा. आवाज थोडा पातळ येईल, पण बोटं टिकतील.

आमच्याकडे हवेचाही एक त्रास आहे. जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर वर, तिथली हवा जरा बरी. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर खाली, पूर्णेच्या खोऱ्यात, आणि मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास. ट्वेल्व गेजच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात असतो. टिनाच्या खोलीत तापलेल्या गिटारला तो सोसत नाही, ब्रिजखालचा सरस सुटायला लागतो. दुपारभर कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचतात. मग संध्याकाळी आपण कूलर लावतो आणि गिटार नेमकी त्याच्या झोतात ठेवतो. तारा गंजतात, लाकूड पुन्हा फुगतं. कूलरच्या खोलीत गिटार केसमध्येच असावी, एवढं पथ्य पुरे.

मंडळात बसायचं तर पेटीची पट्टी सांभाळावी लागते. गाणारा काळी एक म्हणाला की नवशिक्या घाबरतो. कापो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, बाहेर काढा. पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार धरा, झाली काळी एक. काळी दोन हवी तर तोच तिसऱ्या फ्रेटवर. काळी चारला पहिल्या फ्रेटवर कापो आणि जीचे आकार. पेटीवाल्याशी आधी एकदा सूर जुळवून घ्यायचा, कारण जुन्या पेट्या मोबाइलच्या ट्यूनरला जुमानत नाहीत. पेटी काही हलणार नाही, हलायचं गिटारनेच.

आणि इथे एक अडचण येते, ती लपवून उपयोग नाही. आपल्या कानाला कॉर्ड अगदी नव्या नाहीत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात त्या कधीच आणून ठेवल्या. पण भीमपलासातला अभंग चालू असताना तुम्ही खुशाल डी मेजर छेडलात तर तुमचा शुद्ध गंधार गायकाच्या कोमल गंधारावर जाऊन आदळतो. मंडळातले म्हातारे काही बोलत नाहीत, पुढच्या गुरुवारी फक्त तुमच्यासाठी सतरंजीवर जागा उरत नाही. उपाय सोपा आहे. पट्टी पांढरी दोन असेल तर डीच्या आकारातून मधलं बोट उचला, पहिली तार मोकळी सोडा आणि चौथ्या तारेपासून खालीच छेडा. राहतात षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि ऋषभ. गंधार गेला, भांडण मिटलं. तंबोऱ्यासारखा भरणा होतो आणि ताल उजव्या हातात असतोच. भैरवीत ऋषभही कोमल, तिथे हेही चालत नाही. तिथे गिटार बाजूला ठेवावी आणि टाळ घ्यावा. यात कमीपणा काही नाही.

कॉर्डच्या सरावाला भावगीतासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. शब्दांना श्वास असतो, ओळ संपली की बदलायला वेळ मिळतो. आणि हा प्रकार आम्हाला परका कसा असेल? मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली, १९३० च्या दशकात एचएमव्हीने तिची रेकॉर्ड काढली, आणि मराठी भावगीताची सुरुवात त्या रेकॉर्डपासून धरणारे बरेच आहेत. सहज आठवलं म्हणून सांगतो, ना. घं.चा जन्म १९०९ चा आणि अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचाही १९०९ चाच. माझ्या पोरांपैकी कितीतरी जणांना दुसरं नाव पाठ असतं, पहिलं मला सांगावं लागतं.

तेव्हा ज्याला गिटार घ्यायची आहे त्याने घ्यावी, पण पैसे भरण्याआधी महिनाभर गुरुवारच्या भजनाला जाऊन बसावं आणि टाळ हातात घ्यावा. शिकवणीचा अर्धा खर्च तिथेच वाचेल. आणि भजनी मंडळांना एक विनंती आहे. गिटार घेऊन आलेल्या पोराला हसू नका. त्याला पेटीवाल्याच्या मागे बसवा, पट्टी आधी सांगा आणि पहिले काही गुरुवार साध्या केरव्यातली, दोन कॉर्डमध्ये बसणारी भजनं घ्या. तिसरी कॉर्ड त्याची तो शोधून आणेल.