शाळेच्या वेळात

2020 साली दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. 23 मार्चला ठरला होता. आदल्या दिवशी करोनामुळे जनता कर्फ्यू लागला आणि 24 च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी. पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द केला आणि बाकीच्या विषयांची सरासरी काढून भूगोलाचे गुण मुलांच्या पदरात टाकले. आमच्या मंडणगड तालुक्यात मात्र भूगोलाचा पेपर झाला. तो 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने घेतला.

बाणकोट खाडीच्या पलीकडे श्रीवर्धन, अलीकडे आम्ही. वादळाने दोन्ही काठ सारखेच झोडपले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, जुनी कलमे मुळासकट उपटली गेली, हायस्कूलच्या नव्या इमारतीचे पत्रे उडून शेजारच्या बागेत जाऊन पडले. जुन्या इमारतीची कौले गेल्यामुळे आठवीच्या वर्गात फळ्यावर पाऊस पडत होता. विजेचे खांब इतके पडले होते, की कित्येक वाड्यांना अनेक आठवडे लाईट नव्हती. अशात 15 जून उजाडला आणि नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले. घोषणा होती : शाळा बंद, पण शिक्षण सुरू. आम्हाला ती उशिराच कळली, कारण मोबाईलचा टॉवरही बंद होता.

त्या वर्षाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. झाडावर चढून रेंज शोधणारी मुले, एका फोनवर तीन भावंडे, चार्जिंगसाठी तालुक्याला जाणारे बाप. सगळे खरे आहे, आमच्याकडेही होते. पण दहावीची वर्गशिक्षिका म्हणून मी जे पाहिले त्याचे नाव मोबाईल नव्हे, रेंज नव्हे. ते बातम्यांत फारसे आले नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीला एक तक्ता भरायचा होता. कुणाकडे अँड्रॉइड फोन, कुणाकडे साधा फोन, कुणाकडे टीव्ही, कुणाकडे रेडिओ, आणि कुणाकडे यातले काहीच नाही. आम्ही वाडीवाडीत ओळखीच्या माणसांना फोन करून, जिथे फोन लागत नव्हता तिथे पाखाडी चढून, तो भरला. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीने जुलैत ‘टिलीमिली’ मालिका सुरू केली, चांगली होती, पण ती आठवीपर्यंतच. दीक्षा ॲप होते, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होतेच. नववी-दहावीचा भार उरला व्हॉट्सॲप ग्रुपवर. शाळेच्या मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी घरात पडलेले जुने फोन गोळा करून पाठवले. म्हणजे तक्त्यातला पहिला रकाना बऱ्यापैकी भरत आला. जुलैअखेर राज्याने अभ्यासक्रमही पंचवीस टक्क्यांनी कमी केला. कागदावर बघावे तर सगळे जमत आले होते.

ग्रुपवर मी सकाळी दहाला धडा टाकायची, बोलून, दहा-बारा मिनिटांचा. दहाला, कारण आमची शाळा त्याच सुमारास भरते. मुलगे दुपारपर्यंत ऐकून ‘हो बाई’ म्हणायचे. ऐकून की न ऐकता ते देव जाणे. मुलींच्या नावापुढच्या निळ्या खुणा रात्री उमटायच्या. साडेनऊ, दहा, कधी अकरा. गृहपाठाचे फोटो अंधारातले, वहीवर हाताची सावली, निम्मी ओळ कापलेली. फोन वडिलांचा असेल, ते रात्री घरी येत असतील, असे मी धरून चालले. काही घरी तसे होतेही. पण काही घरांत फोन दिवसभर खुंटीवरच्या पिशवीत पडून असायचा.

लावणीच्या दिवसांत मी एका वाडीत गेले होते. वर्गात पहिल्या तिनांत येणारी एक मुलगी ग्रुपवर दिसेनाशी झाली होती. ती खाली मळ्यात होती, गुडघाभर चिखलात, आईच्या बरोबरीने आवे लावत. मला बघून बांधावर आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, ‘‘बाई, शाळा असती ना, तर मला कुनी हाक मारली नसती.’’

मला त्या वर्षाचे सगळे शिक्षणशास्त्र त्या एका वाक्यात सापडले. शाळा भरलेली असते तेव्हाही लावणी असतेच. पण शाळेत गेलेल्या मुलीला मळ्यातून हाक मारता येत नाही. पाणी, गुरे, धाकट्याला सांभाळणे, आजीला गोळी देणे, पाहुण्याला चहा, यातले काहीही दहा ते पाच तिच्या वाट्याला येत नाही. ती आळशी नाही, नाठाळ नाही, ती शाळेत आहे, एवढे पुरते. त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. घरी पुस्तक घेऊन बसलेली मुलगी मात्र नुसती बसलेली असते. फोन घेऊन बसलेली तर त्याहून वाईट. पडवीत भिंतीला टेकून इतिहास ऐकणारी पोर आणि टाइमपास करणारी पोर लांबून एकसारखीच दिसते, आणि घरात तर हाताला काम हवे असलेली माणसे सतत ये-जा करत असतात.

आमच्या तक्त्यात हा रकाना नव्हता. मुलाकडे फोन आहे का, हे विचारले गेले. मुलाकडे वेळ आहे का, हे कुणी विचारले नाही. वेळ सगळ्यांकडे आहे, शाळा बंद असल्यामुळे तर भरपूर आहे, असेच सगळे धरून चालले होते.

आईबापांना दोष देऊन भागत नाही. इकडच्या घरांचे गणित मुंबईच्या पगारावर चालते, तो पगार थांबला होता. गावी परतलेल्या माणसांमुळे घरात खाणारी तोंडे वाढली होती आणि वादळाने बागायत नेली होती. त्या वर्षी भात हे खरोखरीचे जेवण होते. मुले शिकावीत म्हणून जी माणसे जन्मभर मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहिली, त्यांनाच मुलांच्या हातांची गरज पडली. आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या घरी तरी काय निराळे होते? मी धडा बोलत असताना आतून दोनदा चहाची विचारणा व्हायची. शाळेत असते तर झाली नसती.

त्याच सुमारास कणकवली तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. पशुवैद्यक शाखेची विद्यार्थिनी, टाळेबंदीत गावी अडकलेली. घरी रेंज नाही म्हणून ती डोंगरावर बसून तास ऐकायची, भर पावसात. पुढे तिथे तिच्यासाठी छोटी झोपडी बांधली गेली. लोकांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले, सरकारी यंत्रणेला चार शब्द सुनावले, नेट पोचवण्याची आश्वासने दिली गेली. सगळे रास्तच. मला मात्र त्या बातमीत तिच्या भावांचे काम मोठे वाटले. भाऊ तिच्या मदतीला होते, झोपडी उभारायला त्यांचे हात होते. डोंगरावर रेंज होती हे खरेच, पण डोंगरावर कुणी हाकही मारत नव्हते. दिवसातले इतके तास ही मुलगी घरची नाही, हे त्या घराने मान्य केले होते. असे घर आमच्या पटावर किती निघाले असते?

मुलग्यांचे वेगळे. त्यांना घरात कुणी फारसे कामाला लावले नाही, पण घराबाहेर त्यांच्या वेळेला दर मिळू लागला. चिऱ्याच्या खाणीवर, पडलेली झाडे तोडायला, उडालेली छपरे घालायला माणसे हवीच होती. पंधरा वर्षांच्या पोराने पहिल्यांदा स्वतःची मजुरी मोजली की त्याला बीजगणित पुन्हा गोड लागणे कठीण. त्यातले काही परतले. एक अजून खाणीवरच्या ठेकेदाराकडे आहे. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून पाया पडतो आणि मला काय बोलावे ते सुचत नाही.

सगळेच बुडाले असे नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्गात मान वर न करणारा, अडखळत बोलणारा एक मुलगा ग्रुपवर दोन-दोन मिनिटांचे आवाजी संदेश पाठवू लागला. पाठ्यपुस्तकातल्या कवितेबद्दल त्याची मते असू शकतात हे मला माहीत नव्हते, त्यालाही नसावे. चार भिंतींतला शाळेचा वर्ग काही मुलांना गप्प करतो, तोही एक हिशेब आहे. पण अशी मुले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

श्रावणात मुंबईकर गणपतीसाठी येऊ लागले, ई-पास काढून, आणि विलगीकरणाचे दिवस काढायला गावोगावच्या शाळा उघडल्या गेल्या. कुलूप निघाले ते मुलांसाठी नव्हे. बाकांवर अंथरुणे पडली, फळ्यावर कुणी तरी पत्त्यांचे गुण लिहिले होते. त्या माणसांबरोबर त्यांची मुलेही होती, मुंबईच्या शाळांतली. गावात रेंज आली की ती ऑनलाइन तासाला बसायची आणि चाळीस मिनिटे झाली की तास आपोआप तुटायचा. त्यांतला एक नववीतला मुलगा मला म्हणाला की मुंबईत तो जिन्यात बसून तास करायचा, कारण खोलीत सात माणसे. शहरात जिना, इथे डोंगर. मुलांना घराबाहेरची जागा शोधावी लागली ती दोन्हीकडे, आणि आम्ही मात्र याला घरून शिक्षण म्हणत होतो.

सप्टेंबरात शिक्षकांना ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणाला लावले. हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर, दारोदार फिरायचे. कंटाळवाणे काम, पण त्यानिमित्ताने प्रत्येक उंबरठा चढायला मिळाला. शाळेच्या पटावर ज्यांची नावे आम्ही वर्षानुवर्षे पुकारत होतो, त्यांच्या घरात उजेड कुठून येतो, पोर अभ्यासाला बसतच असेल तर कुठे बसत असेल, हे तेव्हा दिसले. गणवेशात ही मुले एकसारखी असतात. गणवेशाचे ते मोठेच काम आहे. घरात ती आपापल्या घरची असतात.

यातूनच सहाणेवरचा वर्ग सुरू झाला. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, सहाण म्हणजे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी जिथे बसते ती जागा. आमच्याकडे पक्का चौथरा, वर पत्रा, बाजूने उघडे. वर्षातले दहा-बारा दिवस सोडले तर मोकळीच असते. आमच्या गणिताच्या सरांनी वाडीच्या गावकऱ्यांना गाठले आणि नववी-दहावीची त्या वाडीतली मुले आठवड्यातून तीन दिवस तिथे बसवायची परवानगी काढली. अंतर ठेवून, तोंडाला मास्क लावून, अकरा ते एक. पुढे दुसऱ्या वाडीत समाजमंदिर मिळाले, तिसऱ्या ठिकाणी एका बंद घराचे खळे. शिक्षक आलटून पालटून जायचे. न गेले तरी मुले बसायची, मोठी धाकट्यांना समजावून सांगायची. मुंबईहून आलेली एक एम. कॉम. झालेली सून इंग्रजी घ्यायला लागली. तिला तरी घरातून दोन तास मिळाले यात तिचाही फायदा होताच.

त्या वर्गात शिक्षणाच्या दृष्टीने नवे काहीच नव्हते. फळाही नव्हता. पण मुली यायला लागल्या. ‘कुठे चाललीस?’ याला आता उत्तर होते. गावकऱ्यांनी जागा दिली होती, म्हणजे ते गावाचे काम झाले, आणि गावाच्या कामाला निघालेल्या पोरीला हाक मारायची तर घरातल्यांनाही जरा विचार करावा लागे. लावणीत दिसेनाशी झालेली ती मुलगी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट करून बसली होती. रात्री साडेनऊचे फोटो कमी झाले.

23 नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला राज्याने परवानगी दिली. शिक्षकांचे स्वॅब, पालकांची संमतीपत्रे, एका बाकावर एक मूल. काही महिन्यांनी दुसरी लाट आली, पुन्हा कुलूप लागले, आणि 2021 ची दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण, दहावीचे अंतर्गत गुण यांची बेरीज होऊन जुलैत निकाल लागला. राज्याचा 99.95 टक्के, आमच्या कोकण विभागाचा शंभर टक्के. त्या दिवशी निकालाचे संकेतस्थळ तासन्‌तास उघडत नव्हते, तेव्हा लोक मंडळावर चिडले. शंभर टक्के या आकड्यावर मात्र कुणी फारसे चिडलेले मला दिसले नाही. त्या शंभरांत खाणीवरचा तो मुलगाही आहे. तो उत्तीर्ण आहे.

नंतर सेतू अभ्यासक्रम आला, पंचेचाळीस दिवसांचा, मागच्या वर्षीचे राहिलेले भरून काढायला. कोणता धडा राहिला ते त्यात नीट दिलेले होते. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण मुलींचे जे दिवस गेले ते धड्यांच्या यादीत बसणारे नव्हते.

आता पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा आला आणि शाळेला सुट्टी जाहीर झाली, की ‘ग्रुपवर अभ्यास टाका’ असे कुणी तरी सहज सुचवते. टाकायला हरकत नाही, आम्ही टाकतोही. पण वादळे थांबणार नाहीत आणि रोगांचाही नेम नाही, तेव्हा एक विनंती आधीच करून ठेवते. पुन्हा कधी शाळा महिनोन्‌महिने बंद ठेवायची वेळ आली, तर फोन वाटण्याआधी प्रत्येक वाडीत एक जागा ठरवा. सहाण असो, समाजमंदिर असो, मुंबईकराचे बंद घर असो. ग्रामसभेत वेळ ठरवून घ्या, दिवसाचे दोनच तास, आणि ते शाळेचे आहेत असे पालकांकडून लिहून घ्या. संमतीपत्रावर सही करायची सवय आता सगळ्यांना झालेलीच आहे.