काचेपलीकडचे बाहुबली



२०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुडघ्यांमुळे नेता आलं नाही. विंध्यगिरीच्या पायऱ्या आता होणार नाहीत, हे त्यांनीच मान्य केलंय. म्हणून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले, तेव्हा श्रवणबेळगोळच्या ब्राँझच्या बाहुबलींचा फोटो त्यांच्यासाठी काढायचा ठरवला. मूर्ती आठव्या-नवव्या शतकातली. डोंगरावरच्या सुमारे ५७ फुटी गोमटेश्वरांहूनही जुनी!

पहिला फोटो पाहून हसूच आलं. भगवंतांच्या छातीवर माझी पिवळी साडी! काचेत सगळं उमटलेलं, शिवाय दिव्यांची रांग आणि कुणाचं तरी डोकं. फ्लॅश चालत नाही, मूर्तीमागे जाता येत नाही. शेवटी लेकीची काळी ओढणी अंगभर घेतली आणि जरा तिरकी उभी राहिले. चमक बाजूला सरकली. चार पावलं मागे येऊन झूम केलं, तशी पाठीमागची गर्दीही फोटोत कमी झाली. पूर्ण मूर्तीचा हट्ट सोडला. अंगावर चढलेली वेल आणि खांद्यावर उतरलेल्या बटा, एवढंच घेतलं. माणसं सरकेपर्यंत मनात णमोकार चालूच होता.

घरी आत्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. वेलीवरून बराच वेळ नजर फिरवली. मग विचारलं, "चप्पल काढली होतीस ना गं?"

नव्हती काढली.