बुडाची पारख

भांडे घेताना कोणी काठ पाहते, कोणी किंमत. मी बूड पाहते. खामगावच्या आमच्या घरातली सासूबाईंची बिडाची कढई गोल बुडाची. तीन दगडांच्या चुलीवर ती अशी बसे, की जाळ तिला चहूबाजूंनी कवटाळी. गॅसच्या शेगडीवर मात्र तीच डुगडुगते!

मुलाने पुण्याहून सुचवले, "आई, विलायती बिडाचे लांबट, जड झाकणाचे पातेले घे." आता लांबट आकार सबंध कोंबडीसाठी ठीक, पण आमच्या वऱ्हाडी घरात शिजायचे काय, तर वांग्याची भाजी नि पिठले! शिवाय बिडात आच सावकाश पसरते. गोल बर्नरवर लांबट भांड्याची टोके मागेच राहायची. तेव्हा गोल, सपाट बुडाचे ठरले. झाकण मात्र मुलाच्या पसंतीचे, जडच. वाफ कोंडली म्हणजे थोड्या पाण्यातही वांगी लोण्यासारखी होतात.

राहता राहिले माप. एके काळी आमच्याकडे पंगतीला ९ पाने असत, आता दोनच. दुकानदाराने २ लिटरांचे पुढे केले. मी ५ लिटरांचे उचलले. मुले येतात ती दिवाळीचे चारच दिवस, हे खरे. पण त्या चार दिवसांत "भाजी संपली" असे मला म्हणायचे नाही.