ताबा आणि ओघ

माझ्याकडे फुटबॉलचं इंग्रजी वार्तांकन शिकायला येणारी मुलगी कोल्हापूरची, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेली. ‘क्लीन शीट’, ‘ब्रेस’, ‘क्लिनिकल फिनिश’ तिला टीव्ही ऐकूनच पाठ झालंय. घोडं पेंड खातं ते ‘अगेन्स्ट द रन ऑफ प्ले’पाशी, म्हणजे खेळाच्या ओघाविरुद्ध झालेल्या गोलापाशी.

सरावाला मी तिला २०२२च्या विश्वचषकातला अर्जेंटिना–सौदी अरेबिया सामना दिला. १०व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड. मग ४८व्या मिनिटाला सौदीच्या अल-शेहरीचा गोल, ५३व्याला अल-दौसारीचा. दोन्ही गोलांना तिने हेच शब्द लावले. पहिल्याला माझी हरकत नाही. तोवर सामना अर्जेंटिनाच्याच पायात होता. दुसऱ्याला आहे. मधल्या पाच मिनिटांत वारं फिरलं होतं. सौदीची पोरं प्रत्येक चेंडूवर तुटून पडत होती, अर्जेंटिनाचा बचाव गडबडला होता. अल-दौसारीनं डावीकडून बचावपटूंना चकवत उजव्या पायानं चेंडू लांबच्या कोपऱ्यात मारला, तो गोल ओघातूनच आला.

“पण सर, चेंडू तर जास्त वेळ अर्जेंटिनाकडंच होता की!”

होताच. पण ताबा म्हणजे ओघ नव्हे. स्कोअरलाइन आणि टक्केवारी समोर ठेवून बातमी रचणाऱ्यांनी ही गल्लत इतकी रुळवली आहे, की दुबळ्या संघाचा कुठलाही गोल आता ‘अगेन्स्ट द रन ऑफ प्ले’ ठरतो. मला याचा मनापासून राग येतो. गोलाच्या आधीची दहा मिनिटं डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय हे शब्द लिहिण्याचा हक्कच मिळत नाही. मी ते मोजकेच वापरले; आणि वापरले, की दुसऱ्या दिवशी पेपरात आधी तेच वाक्य शोधायचो. गावात हे आपल्यालाच नेमकं जमतं, हा गर्व मला होता. आजही आहे.

मात्र हल्ली गॅलरीतून पलीकडच्या विंगरचा नंबर मला दिसत नाही. इथल्या पाटाकडील-दिलबहार संघांच्या सामन्यात कोण वर चढलं, कोण मागं राहिलं, हे तिला विचारावं लागतं. ओघ वळतोय हे अंगाला कळतं, कुणामुळं वळतोय हे ती सांगते. म्हणून तिच्या वहीतलं दुसऱ्या गोलाचं वाक्य मी खोडलेलं नाही. ती पाच मिनिटं समालोचनाचा आवाज बंद करून पुन्हा बघ, म्हटलंय. तरीही पटलं नाही, तर माझ्याशी भांड.