केंसांचा दोष कोणाचा?

साताऱ्यास आमच्या पुतणीचे केंस बोटभर वाढतांच तुटत. तेल-शिकेकाईंत वहिनी कधीं चुकल्या नाहींत. तरी ‘आईचें लक्ष नाहीं’ हा ठपका त्यांच्यावर आला, व आम्हींही तो खोडून काढला नाहीं.

पुढें सांगलीच्या एका डॉक्टरांनीं सूक्ष्मदर्शकांत तो केंस दाखविला: मण्यांच्या माळेसारखा! केंस केराटिन नांवाच्या प्रथिनाचा. त्याच्या जनुकांत बदल झाला म्हणजे तो मण्यांमधल्या बारीक जागीं तुटतो. ‘नेकेड’ नांवाच्या उंदरांतही जनुकीय बदलामुळें केंसांतील ग्लायसीन-टायरोसीनयुक्त प्रथिनें कमी पडतात, आणि केंस उगवून तुटतात.

असा बदल माता-पित्यांपैकीं एकाकडूनही अपत्यास येतो. आमच्या बंधूंचे विरळ केंस तपासले, तों तेही मणीदार! उंदरांच्या आईस कोणी बोल लावीत नाहीं. वहिनींस मात्र आम्हीं लावूं दिला.