रस्त्यांची उतरंड

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, कोणीही भर घालावी असा खुला नकाशा. गेली काही वर्षे फावल्या वेळात मी त्यात आमच्या परिसरातले रस्ते भरतो आहे. गंमत अशी की, तिथे पाऊलवाटेलाही 'हायवे' हीच खूण लावावी लागते. इंग्रजी कायद्याच्या जुन्या अर्थाने, जिच्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे ती वाट हायवेच. शब्दातली ही लोकशाही मला आवडते. पुढची उतरंड मात्र (मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी) ब्रिटिश रस्त्यांवर बेतलेली आहे.

आपली उतरंड १९४३च्या नागपूर परिषदेतली: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. भारतात साधारणपणे राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य मार्ग म्हणजे प्रायमरी अशी जोडणी रूढ झाली. नियम सोपा. पण सरकारी दर्जा कागदावर बदलतो आणि रस्ता होता तसाच राहतो. एखादा अरुंद घाटरस्ता नुसत्या अधिसूचनेने राष्ट्रीय होतो. (पनवेलहून कोकणात उतरणाऱ्या महामार्गाचा क्रमांक २०१०च्या फेररचनेत १७चा ६६ झाला, खड्ड्यांना त्याची वार्ता नव्हती.)

मध्यंतरी आमच्या तालुक्यातला एक रस्ता कुणा दूरस्थ सहकाऱ्याने दोन पायऱ्या खाली उतरवला. उपग्रहचित्रात तो अरुंद दिसतो, एवढेच कारण. अरुंद तो आहेच. पण पलीकडच्या गावांतून ग्रामीण रुग्णालयाकडे येणारा दुसरा, रुंद रस्ता ज्या फरशीवरून जातो ती पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याखाली जाते. नकाशातला दर्जा उतरला, की वाट शोधून देणारी यंत्रणा त्या रस्त्यावरचा वेग कमी धरते आणि वाहनांना रुंद रस्त्याने धाडते. आषाढातल्या रात्री, अनोळखी चालकाला, त्या फरशीकडे.

माझ्या मते क्रमांक सरकारचा. तो त्याच्या वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा असावा. दर्जा मात्र रस्ता कुणाला कुठे पोचवतो यावरून ठरावा. अर्थात मग प्रत्येकाला आपल्याच गावचा रस्ता थोर वाटणार! शुद्धलेखनाच्या वादांत उमेदीची वर्षे घालवलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला हे निराळे सांगायला नको. म्हणून सुरुवात कागदावरच्या दर्जापासून करावी, आणि अपवाद केला तर कारण तिथेच लिहून ठेवावे.

त्या सहकाऱ्याला हे सविस्तर कळवले. फरशीचा मुद्दा त्याने लगेच मान्य केला आणि रस्ता पूर्ववत केला. मग विचारले, आठ महिने रुंद रस्ताच सोयीचा असेल, तर दर्जा कोणत्या ऋतूचा धरायचा? त्यावर आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.