फुएनलाब्रादाचा पार्तिझान: १९९१-९२ च्या मोसमाची टिपणं

युरोपातल्या क्लब बास्केटबॉलचा १९९१-९२ चा मोसम सुरू झाला तेव्हा स्पर्धेचं नाव नवं होतं आणि आराखडाही नवा. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेनं जुन्या चॅम्पियन्स कपची 'युरोपियन लीग' केली. सोळा क्लब, आठ-आठचे दोन गट, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्याच्या गावी असे चौदा साखळी सामने, गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत आणि शेवटचे चार संघ एप्रिलमध्ये इस्तंबूलला. सोळांपैकी तीन क्लब ज्या देशाचे होते, तो देश मात्र त्याच महिन्यांत मोडत होता. बेलग्रेडचा पार्तिझान, झाग्रेबची चिबोना आणि १९८९, १९९०, १९९१ असं सलग तीनदा युरोपचं विजेतेपद मिळवलेला स्प्लिटचा क्लब. तिघांनाही घरचे सामने देशाबाहेर खेळायला सांगण्यात आलं. तिघेही स्पेनला गेले. स्प्लिट ला कोरुन्याला, चिबोना काडिसजवळच्या प्वेर्तो रेआलला आणि पार्तिझान माद्रिदच्या दक्षिणेला फुएनलाब्रादाला.

*

तडा जूनमध्येच दिसला होता. रोममध्ये युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा चालू होती आणि युगोस्लाव्हियाच्या संघापुढे कोणी टिकत नव्हतं. कुकोच, राजा, दिवाच, पास्पाल्य, जॉर्जेविच, दानिलोविच असे सगळे एकाच संघात. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. उपांत्य सामन्याआधी यूरे झ्दोव्त्स या स्लोव्हेनियन गार्डला त्याच्या सरकारचा निरोप आला, या संघाकडून आता खेळायचं नाही. तो गेला. बाकीच्यांनी सुवर्णपदक जिंकलं. हा संघ पुन्हा एकत्र आला नाही.

*

झेलिको ओब्रादोविच त्याच उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाच्या सरावात होता, खेळाडू म्हणून. १९९० च्या विश्वविजेत्या संघातला गार्ड, पार्तिझानचा कप्तान, वय ३१. क्लबचा कारभार तेव्हा द्रागान किचानोविच पाहत होता, स्वतः एके काळचा थोर खेळाडू. त्यानं ओब्रादोविचला थेट प्रशिक्षकपद देऊ केलं. ओब्रादोविचनं सराव सोडला, खेळणंही सोडलं आणि कालपर्यंत ज्यांच्याबरोबर तो चेंडू पास करत होता त्यांचाच प्रशिक्षक झाला.

किचानोविचची ही निवड मला धाडसाची वाटते, पण आंधळी नाही. नवख्या प्रशिक्षकाशेजारी सल्लागार म्हणून बसले प्राध्यापक अलेक्झांदर निकोलिच. इटलीच्या वारेझेला तीनदा युरोपचा कप जिंकून देणारे, युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे जनक मानले जाणारे निकोलिच तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी पद मागितलं नाही. ज्याला शिकवायचं त्याला पुढे बसवून आपण मागे राहायचं, हे मोठ्या माणसांनाही सहसा जमत नाही. निकोलिचना ते जमलं, आणि ओब्रादोविचनं पुढे जे नऊ युरोपियन कप जिंकले त्यातल्या पहिल्यावर त्यांचा हक्क आहे.

*

फुएनलाब्रादा. माद्रिदच्या दक्षिणेला कामगारवस्तीचं शहर. १९७० च्या सुमारास जेमतेम काही हजारांचं गाव होतं. राजधानीत घर न परवडणारी माणसं येत गेली आणि वीस वर्षांत वस्ती लाखाच्या पुढे गेली. म्हणजे तिथला जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला. शहराकडे नवंकोरं इनडोअर स्टेडियम होतं, फेर्नांदो मार्तिनच्या नावाचं. मार्तिन हा एनबीएत खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू, डिसेंबर १९८९ मध्ये माद्रिदमध्ये मोटार अपघातात सत्ताविसाव्या वर्षी गेला. स्टेडियम होतं, नाव होतं, पण तिथे खेळायला पहिल्या श्रेणीचा संघ नव्हता.

आणि मग एक संघ आला. बेलग्रेडहून, सर्बियन बोलणारा, काळ्या-पांढऱ्या कपड्यातला. फुएनलाब्रादाच्या लोकांनी तो आपला मानला. तिकिटं काढून आले, घोषणा शिकले, खेळाडूंची नावं जीभ वळेल तशी उच्चारली. पार्तिझानच्या गटात स्पेनचे दोन क्लब होते, बादालोनाचा जुवेन्तुत आणि माद्रिदचाच एस्तुदियांतेस. या दोघांविरुद्धही हॉल पार्तिझानच्या बाजूनं ओरडला. स्पॅनिश वर्तमानपत्रं 'पार्तिझान दे फुएनलाब्रादा' म्हणू लागली.

*

परक्या मैदानावर 'घरचा' सामना म्हणजे काय, हे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या संघाच्या बसवर हल्ला झाला आणि पाकिस्तानचा संघ पुढची कितीतरी वर्षं आपले कसोटी सामने दुबई, अबू धाबी, शारजाला खेळला. मैदान उत्तम, खेळपट्टी उत्तम, आणि स्टँडमध्ये ओळीच्या ओळी रिकाम्या. मिस्बाहसारखा कप्तान आपली कारकीर्द त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळला. म्हणूनच फुएनलाब्रादाची गोष्ट मला इतकी मोठी वाटते. मैदान भाड्यानं मिळतं. माणसं भाड्यानं मिळत नाहीत.

*

या गोष्टीतली एक बाजू बोचते, आणि ती झाकून पुढे जाणं मला मान्य नाही.

पार्तिझान हा १९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याचा क्रीडा क्लब म्हणून स्थापन झाला. १९९१ पर्यंत बास्केटबॉल क्लबचा कारभार कधीचाच वेगळा झाला होता, पण मूळ तेच होतं. त्याच सैन्याच्या तोफा त्या शरद ऋतूत वुकोवारवर चालत होत्या. १८ नोव्हेंबरला ते शहर पडलं. डिसेंबरमध्ये दुब्रोव्निकच्या जुन्या भागावर गोळे पडले. विशी-बाविशीच्या मुलांवर त्याची जबाबदारी टाकता येत नाही, हे मला पटतं. पण फिबाच्या निर्णयानं हल्ला करणाऱ्याच्या राजधानीतल्या क्लबला आणि हल्ला झेलणाऱ्या देशातल्या दोन क्लबांना एकच वागणूक मिळाली, हेही खरं. सुरक्षेचं कारण तिन्ही शहरांना लागू होतं. न्यायाचं नव्हतं.

*

पार्तिझानचा दानिलोविच सारायेव्होचा. तिथे जन्मला, तिथल्याच बोस्ना क्लबमध्ये वाढला, मग बेलग्रेडला आला. इवो नाकिच क्रोएशियाच्या रियेकाचा. युद्ध पेटल्यावरही तो त्या मोसमात पार्तिझानच्याच कपड्यात राहिला. नकाशावर रेषा ओढल्या जात होत्या तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची मुलं शेजारी-शेजारी बुटांच्या नाड्या बांधत होती.

*

संघात एकही अमेरिकन नाही. त्या काळी युरोपातल्या मोठ्या क्लबांचे बरेच गुण अमेरिकन खेळाडू करत. पार्तिझानकडे जॉर्जेविच चोवीस वर्षांचा, दानिलोविच बावीस वर्षांचा, सेंटर रेब्राचा विशीच्या उंबरठ्यावर.

*

साखळीत पार्तिझान चौथा आला, म्हणजे पात्र ठरलेल्यांत शेवटचा. त्यामुळे गाठ पडली दुसऱ्या गटातल्या पहिल्याशी, बोलोन्याच्या क्नोरशी. तीन सामन्यांची मालिका, त्यातला पहिला पार्तिझानच्या घरी. या एका सामन्यासाठी बेलग्रेड उघडलं. संपूर्ण युरोपियन मोसमातला हा एकच सामना त्यांना आपल्या पियोनिर हॉलमध्ये खेळता आला, आणि तो त्यांनी जिंकला. दुसरा बोलोन्यात गमावला. तिसरा बोलोन्यातच जिंकला. लोक इस्तंबूलच्या शेवटच्या क्षणाबद्दल बोलतात. माझ्या मते विजेतेपदाचा कठीण सामना हा होता. प्रतिस्पर्ध्याच्या हॉलमध्ये, निर्णायक तिसरा. पण ज्या संघानं वर्षभर घर पाहिलेलंच नाही त्याला परक्या गावाची धास्ती ती काय असणार?

*

इस्तंबूलला पोचलेले चारही संघ एकाच गटातले होते: जुवेन्तुत, एस्तुदियांतेस, मिलानचा फिलिप्स आणि पार्तिझान. चारही एकमेकांना दोन-दोनदा भेटलेले. कुठलीच चाल लपलेली नव्हती. उपांत्य सामन्यात पार्तिझाननं मिलानला ८२-७५ नं हरवलं, जुवेन्तुतनं एस्तुदियांतेसचा ९१-६९ असा फडशा पाडला.

अंतिम सामना १६ एप्रिल १९९२. त्याच्या दहा दिवस आधी सारायेव्होचा वेढा सुरू झाला होता. त्या शहरात जन्मलेल्या दानिलोविचनं अंतिम सामन्यात २५ गुण केले आणि फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मनात काय चाललं असेल ते त्याचं त्याला माहीत. हाताला कंप नव्हता एवढं चित्रफितीत दिसतं.

*

शेवटचे दहा सेकंद.

पार्तिझान ६८, जुवेन्तुत ६८. जुवेन्तुतचा तोमास जोफ्रेसा धावत आत घुसतो, अंगावर बचावपटू असताना चेंडू वर टाकतो, आत. ७०-६८. जुवेन्तुतचा बाक उभा राहतो. त्या काळच्या नियमानुसार बास्केट झाल्यावर घड्याळ थांबत नसे, त्यामुळे आनंद करायला लागणारा प्रत्येक क्षण पार्तिझानच्या खात्यातून जात होता. कोप्रिवित्सा बेसलाइनमागून चेंडू आत देतो तो जॉर्जेविचच्या हातात. पुढे एकच गोष्ट बघण्यासारखी आहे: जॉर्जेविच मान वळवून कोणाला शोधत नाही. उजव्या बाजूनं, रेषेलगत ड्रिबल करत तो अख्खं कोर्ट कापतो. थ्री-पॉइंटच्या कमानीपाशी पोचेपर्यंत बचावपटू अंगाला भिडलेला आहे. थांबून, पाय नीट रोवून मारायला वेळ नाही. धावण्याच्या ओघातच तो उडी घेतो, शरीर तिरकं, बाहेरच्या बाजूला कललेलं, आणि हात मात्र सरळ. कुठल्याही शाळेचा शिक्षक हा शॉट मुलाला मारू देणार नाही.

चेंडू जाळीत. ७१-७०. जुवेन्तुतच्या वाट्याला तीन-चार सेकंद उरले, त्यात काही झालं नाही.

मी हा शॉट पुष्कळदा पाहिला आहे आणि मला दर वेळी शॉटपेक्षा त्याच्या आधीचं ड्रिबल थोर वाटतं. दोन गुणांनी मागे असताना बहुतेक जण बरोबरी साधायला आत घुसतात. हा कमानीबाहेरच राहिला. हरायचं किंवा जिंकायचं, मधलं काही नको, हे त्यानं कोर्टाच्या मध्यावरच ठरवलेलं दिसतं.

*

जुवेन्तुतबद्दल. कातालोन्यातला १९३० चा जुना क्लब, बार्सिलोनाच्या सावलीत राहून स्वतःचे खेळाडू घडवणारा. जोफ्रेसा बंधू, विलाकाम्पा, सगळे घरचे. साखळीपासून अंतिम सामन्यापर्यंत मोसमातला सर्वांत सातत्याचा संघ हाच होता. तीन सेकंद कमी पडले म्हणून ते कमी ठरत नाहीत.

*

३० मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव ७५७ मंजूर केला. युगोस्लाव्हियावरच्या निर्बंधांत खेळही आले. फुटबॉल संघाला युरो स्पर्धेतून परत पाठवलं, त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कनं ती स्पर्धा जिंकली, हे सगळ्यांना आठवतं. पार्तिझान युरोपचा विजेता होता आणि त्याला पुढच्या मोसमात आपलं विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. निर्बंध चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. सारायेव्होत लोक पावाच्या रांगेत मरत होते.

*

संघ फुटला तो असा: दानिलोविच गेला बोलोन्याच्या क्नोरला, जॉर्जेविच मिलानच्या फिलिप्सला. ज्यांना उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामन्यात हरवलं त्यांनीच एकेकाला उचललं. बोलोन्याला त्याचं फळ १९९८ मध्ये मिळालं. युरोपचा कप आला तेव्हा दानिलोविच त्या संघात होता.

*

ओब्रादोविच १९९३ मध्ये बादालोनाला गेला. ज्या क्लबकडून शेवटच्या क्षणी कप हिसकावला त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून. आणि २१ एप्रिल १९९४ ला तेल अवीवमध्ये जुवेन्तुतनं ओलिंपियाकोसला ५९-५७ नं हरवून तो कप जिंकला. शेवटच्या मिनिटात निर्णायक थ्री-पॉइंटर मारला कॉर्नी थॉम्पसननं, जो १९९२ चा पराभव कोर्टावरून पाहत होता. समोर ओलिंपियाकोसकडून अखेरच्या सेकंदांत फ्री थ्रो चुकवणारा खेळाडू होता झार्को पास्पाल्य, पार्तिझानचाच जुना गडी. विलाकाम्पा आणि दोन्ही जोफ्रेसा त्या रात्री संघात होते याचा मला मनापासून आनंद आहे.

*

फुएनलाब्रादाचा स्वतःचा क्लब १९९६ मध्ये स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पोचला. त्याच हॉलमध्ये खेळू लागला.

*

पार्तिझानवर लेख, चित्रफिती, आठवणी खूप आहेत, कारण ते जिंकले. स्प्लिटच्या त्या मोसमावर कोणी बसून लिहायला हवं. तीन वर्षांचा विजेता संघ. राजा १९९० मध्येच रोमला गेलेला, कुकोच १९९१ मध्ये त्रेविझोला. उरलेल्यांनी ला कोरुन्यात, घरापासून दूर अटलांटिकच्या काठी, विजेत्याचा मान अंगावर घेऊन सामने खेळले आणि ते बाद फेरीत पोचले नाहीत. चिबोना पोचली, प्वेर्तो रेआलहून, आणि जुवेन्तुतकडून हरली. फुएनलाब्रादाचं नाव जिथे जिथे येतं तिथे या दोन गावांचंही यायला हवं. तिथेही कोणीतरी दिवे लावले, फरशी पुसली, तिकिटं फाडली. ऑगस्ट १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रोएशिया पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खेळला, अमेरिकेच्या ड्रीम टीमपुढे ८५-११७ नं हरला आणि रौप्यपदक घेऊन गेला. पेत्रोविच, कुकोच, राजा: चिबोना आणि स्प्लिट या दोन क्लबांकडून खेळून गेलेली मुलं.